डोक्याला मार लागला, माणूस बरा झाला. मग वीस वर्षांनी विसरायला का लागला?

(हे आपल्या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोललो तशीच ठेवली आहे.)

मागचा भाग झोपेवर होता. त्यात मी एक वाक्य जाता जाता बोलून गेलो होतो, की डोक्याला जोरात मार लागलेल्या लोकांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसतं. तेवढ्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की म्हटलं, ह्याचा वेगळा भाग करायलाच हवा. कारण डोक्याला कधी ना कधी लागलेलं नाही असं घर आपल्याकडे सापडणं कठीण. कुणी गाडीवरून पडलंय, कुणी बाथरूममध्ये, कुणी लहानपणी चिंचेच्या झाडावरून.

सुरुवात इंग्लंडमधल्या एका फुटबॉलपटूपासून करतो. त्याची गोष्ट कळली की पुढचं विज्ञान सोपं जातं.

जेफ अॅस्टल. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन ह्या क्लबचा सेंटर फॉरवर्ड. १९६८च्या एफए कप फायनलमध्ये एव्हर्टनविरुद्धचा एकमेव गोल ह्याचा. १९७०च्या वर्ल्ड कपला इंग्लंडच्या संघात होता. आणि प्रसिद्ध कशासाठी? हेडरसाठी. उंच आलेला चेंडू डोक्याने मारणं ही त्याची खासियत. सामन्यात काही मोजकेच हेडर होतात, पण सरावात? तेच तेच, रोज, वर्षानुवर्षं.

पन्नाशीच्या मध्यावर त्याला विसरायला व्हायला लागलं. शेवटी शेवटी आपण फुटबॉल खेळायचो हेही त्याला आठवत नव्हतं. जानेवारी २००२ मध्ये तो गेला, वय फक्त ५९. इंग्लंडमध्ये अशा मृत्यूची कॉरोनरसमोर चौकशी होते. त्या कॉरोनरने नोव्हेंबर २००२ मध्ये निकाल दिला तो असा, की हा मृत्यू औद्योगिक आजाराने झाला. म्हणजे खाणकामगाराची फुप्फुसं जशी कोळशाच्या धुळीने जातात, तसा ह्या माणसाचा मेंदू त्याच्या कामामुळे गेला. काम कोणतं, तर चेंडू डोक्याने मारणं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अॅस्टल मैदानावर बेशुद्ध पडला आणि म्हणून हे झालं, अशी ही कथा नाही. एकेका हेडरने त्याला काहीही झालं नव्हतं. चेंडू मारायचा आणि पुढे पळायचा. ह्या मुद्द्याकडे आपण परत येणार आहोत.

२०१४ मध्ये ग्लासगोचे न्यूरोपॅथॉलॉजिस्ट विली स्टुअर्ट ह्यांनी अॅस्टलचा जतन केलेला मेंदू पुन्हा तपासला. त्यांना दिसलं ते सीटीई, पूर्ण नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी. पुन्हा पुन्हा बसलेल्या माराने मेंदूची होणारी दीर्घकालीन झीज, असं आपण म्हणू.

हा आजार तसा नवा नाही. १९२८ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीचे हॅरिसन मार्टलँड ह्यांनी बॉक्सर लोकांबद्दल लिहिलं होतं: न पिता झिंगल्यासारखं चालणं, जड झालेली जीभ, मंदावलेली बुद्धी. इंग्रजीत त्याला 'पंच ड्रंक' म्हणत, म्हणजे ठोशांनी झिंगलेला. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी १५ बॉक्सरांचे मेंदू तपासून आतलं नुकसान दाखवलं. पण सगळ्यांनी गृहीत धरलं की हा बॉक्सरांचा प्रश्न. ज्या वर्षी अॅस्टल गेला, त्याच वर्षी अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू माइक वेबस्टर ५०व्या वर्षी गेला. पिट्सबर्गमध्ये त्याचं शवविच्छेदन केलं ते मूळचे नायजेरियाचे डॉक्टर बेनेट ओमालू ह्यांनी. मेंदू वरून अगदी ठीकठाक दिसत होता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र गुंतेच गुंते. २००५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, आणि तिथल्या व्यावसायिक लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो लेख मागे घ्या म्हणून मागणी केली. ह्यावर विल स्मिथचा सिनेमाही आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

आता आत काय होतं ते बघू. हा आजच्या भागाचा गाभा आहे, जरा निवांत ऐका.

मेंदू आपल्याला वाटतो तसा घट्ट अवयव नाही. शाळेत बरणीत ठेवलेला पाहिला असेल, तो रसायनाने घट्ट झालेला. जिवंत मेंदू खरवसासारखा असतो. साधारण १४०० ग्रॅमचा खरवस, कवटीच्या डब्यात, पाण्यासारख्या द्रवात तरंगणारा. आता डबा सरळ पुढे ढकलला तर खरवस थोडा हलेल. पण डबा झटक्यात फिरवला तर? बाहेरची बाजू डब्याबरोबर जाते, आतली मागे राहते, आणि मधे पीळ पडतो. मेंदूचं जास्त नुकसान ह्या पिळाने होतं. कवटीला तडा न जाता, डोक्यावर टेंगूळसुद्धा न येता मेंदूला इजा होऊ शकते ती अशी.

पीळ पडतो तेव्हा ताण येतो तो चेतातंतूंवर. एका पेशीपासून दुसरीपर्यंत निरोप नेणाऱ्या लांबच लांब तारा, त्यांना अॅक्सॉन म्हणतात. गुळाचा पाक कधी हाताळला असेल तर तुम्हाला कळेल: हळू ओढला तर तार निघते, झटका दिला तर तटकन तुटतो. अॅक्सॉनचं अगदी तसंच. तुम्ही मान सावकाश कितीही वळवा, अॅक्सॉन आरामात ताणले जातात. पण सेकंदाच्या काही शतांश भागात तोच ताण आला तर आतली चौकट तडकते.

ही चौकट म्हणजे काय? अॅक्सॉनच्या आत बारीक बारीक नळ्या असतात, रुळांसारख्या. त्यांच्यावरून माल जातो: प्रथिनं, ऊर्जा तयार करणारे भाग, सगळं. आणि हे रूळ एकमेकांना धरून ठेवायला स्लीपर लागतात, तसं काम करणारं एक प्रथिन आहे, टाऊ. नाव लक्षात ठेवा, टाऊ. निरोगी मेंदूत ते अत्यंत कामाचं आहे. उगाच बदनाम झालंय.

रूळ तुटला की काय होतं हे मुंबईकरांना सांगायला नको. कुर्ल्याजवळ काहीतरी बिघडतं आणि पार डोंबिवलीपर्यंत गाड्या एकामागे एक उभ्या राहतात. तसा अॅक्सॉनमध्ये माल अडून राहतो, तिथे फुगवटे येतात. अडलेल्या मालात एक प्रथिन मोठ्या प्रमाणात असतं, त्याचे तुकडे पडले की अॅमिलॉइड बनतं. हो, अल्झायमरमधलं तेच अॅमिलॉइड. डोक्याला गंभीर मार लागून थोड्याच दिवसांत दगावलेल्या लोकांचे मेंदू तपासले तेव्हा सुमारे ३० टक्के जणांत अॅमिलॉइडचे थर सापडले. आणि त्यात तरुण माणसंही होती, ज्यांच्या वयाला असं काही दिसायला नको. जी गोष्ट म्हातारपणी वर्षानुवर्षं साठत जाते ती इथे काही तासांत, काही दिवसांत दिसत होती.

इकडे टाऊचं काय? रुळांवरून सुटलेल्या टाऊवर रासायनिक बदल होतात, त्याला फॉस्फेटचे गट जास्त चिकटतात, मग ते परत रुळावर नीट बसत नाही. मोकळं फिरणारं टाऊ एकमेकांना चिकटतं आणि त्याचे गुंते होतात. सगळ्यात वाईट भाग असा, की बिघडलेलं टाऊ शेजारच्या चांगल्या टाऊला बिघडवतं. दुधात विरजणाचा एक थेंब पडावा आणि सकाळी अख्खं पातेलं दही व्हावं, तसं. फक्त इथे एक रात्र नाही लागत, दशकं लागतात. डोक्याचा मार आणि आजार ह्यांच्यात वीस-तीस वर्षांचं अंतर का असतं ह्याचं एक उत्तर ह्या संथ विरजणात आहे.

सीटीईमध्ये हे टाऊ साठतं ती जागाही खास आहे. मेंदूला ज्या घड्या असतात, त्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती. संगणकावर मेंदूची प्रतिकृती करून झटका दिला तर ताण सगळ्यात जास्त कुठे येतो? ह्याच घड्यांच्या तळाशी. कागदाची घडी पुन्हा पुन्हा घातली की तो घडीवरच फाटतो ना, तसं. अल्झायमरमध्ये टाऊची मांडणी वेगळी असते, म्हणून तज्ज्ञ दोन्ही आजार सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू शकतात. मात्र जिवंत माणसात सीटीईचं खात्रीशीर निदान अजून होत नाही. मेंदूचा काप तपासावा लागतो, आणि तो मृत्यूनंतरच. कुणी तुम्हाला स्कॅन करून "सीटीई आहे" असं ठाम सांगत असेल तर सावध राहा.

तिसरी गोष्ट, सूज. मेंदूत सफाई करणाऱ्या पेशी असतात, मायक्रोग्लिया. इजा झाली की त्या धावून येतात, कचरा उचलतात. काम झालं की त्यांनी परत शांत व्हायचं. पण त्या कधी कधी शांत होतच नाहीत. २०११ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी मार लागलेल्या लोकांचे स्कॅन केले तेव्हा १७ वर्षांनंतरही ह्या पेशी खवळलेल्या दिसल्या. ग्लासगोत जतन केलेल्या मेंदूंच्या अभ्यासातही हेच दिसलं: एकाच मोठ्या माराने सुरू झालेली सूज काही जणांत १८ वर्षांपर्यंत टिकून होती. आग विझवायला बंब आला आणि अठरा वर्षं पाणी मारतच राहिला, तर घराचं काय होईल?

आणि मागच्या भागाचा धागा: झोपेत मेंदू आपला कचरा धुऊन काढतो असं आपण बोललो होतो. उंदरांवरच्या २०१४ मधल्या प्रयोगात दिसलं की मार लागल्यावर ही धुण्याची यंत्रणा मंदावते, आणि टाऊ जास्त साठतं. माणसात हे नेमकं किती होतं ह्यावर काम चालू आहे, म्हणून मी ह्यावर फार भर देत नाही.

म्हणजे मंडळी, आपण "मार लागला, टाके पडले, घरी सोडलं" असं म्हणतो, जणू विषय संपला. पण काही मेंदूंत तो विषय त्या दिवशी सुरू होतो.

*काही* मेंदूंत. हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय, कारण आता आकड्यांकडे यायचंय, आणि इथे घाबरवणं फार सोपं आहे.

तुम्ही एक आकडा हमखास वाचला असेल: अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंचे १११ मेंदू तपासले, त्यातल्या ११० मध्ये सीटीई. २०१७ मधला अभ्यास, बोस्टन विद्यापीठाच्या अॅन मॅकी आणि त्यांच्या चमूचा. आकडा खरा आहे. पण ९९ टक्के खेळाडूंना सीटीई होतो असा त्याचा अर्थ अजिबात नाही. हे मेंदू दान केले कुणी? ज्यांच्या घरात त्रास दिसत होता त्या कुटुंबांनी. दवाखान्याच्या रांगेत उभं राहून गावात किती लोक आजारी आहेत ते मोजण्यासारखं झालं हे. स्वतः संशोधकांनी ही मर्यादा त्याच लेखात सांगितली होती, बातम्यांत ती गळून पडली.

मला स्वतःला जास्त पटतो तो स्कॉटलंडचा अभ्यास. २०१९ चा, विली स्टुअर्ट ह्यांच्याच गटाचा. अॅस्टलच्या कुटुंबाने, विशेषतः मुलगी डॉन अॅस्टल हिने, इतकी वर्षं जो प्रश्न लावून धरला होता त्याला मिळालेलं पहिलं भक्कम उत्तर. ह्यात निवड करायला वावच नव्हता: स्कॉटलंडचे ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटू, आणि त्यांच्याशी वय आणि राहत्या भागाची आर्थिक स्थिती जुळणारे २३,०२८ सामान्य पुरुष. दोन्हींच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या झिजेच्या आजाराने मृत्यू: सामान्य लोकांत ०.५ टक्के, खेळाडूंत १.७ टक्के. इतर फरकांचा हिशेब धरून धोका साधारण साडेतीन पट. अल्झायमरची नोंद पाच पट, पार्किन्सन्सची दुप्पट.

गंमत म्हणजे हेच खेळाडू हृदयविकाराने कमी मेले, फुप्फुसाच्या कॅन्सरने कमी मेले. खेळाने शरीर धडधाकट ठेवलं होतं. मग कुणी म्हणेल, जास्त जगले म्हणून स्मृतिभ्रंश जास्त. ही शंका रास्त आहे, पण संशोधकांनी हिशेबात ती धरली होती, तरी फरक उरलाच.

पण हा फरक हेडरमुळेच कशावरून? इथे त्यांनी २०२१ मध्ये जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी खेळाडू जागेनुसार वेगळे केले. गोलकीपर तेच प्रशिक्षण घेतो, तोच प्रवास करतो, त्याच ड्रेसिंग रूममध्ये बसतो, पण चेंडू हाताने पकडतो. बचावपटू सगळ्यात जास्त हेडर मारतो. निकाल? गोलकीपरमध्ये धोका सामान्य माणसापेक्षा ठामपणे जास्त आहे असं म्हणता आलं नाही. बचावपटूंत जवळपास पाच पट. आणि १५ वर्षांपेक्षा जास्त खेळलेल्यांतही पाच पटींच्या वर.

"अहो, तेव्हाचे चेंडू चामड्याचे, पावसात भिजून दगड व्हायचे, आता तसं कुठे राहिलंय?" हा आक्षेप नेहमी येतो. भिजलेला चेंडू जड व्हायचा हे खरं. पण कोरडा असताना त्याचं वजन आजच्याएवढंच होतं, ४५० ग्रॅमच्या आत, आणि भिजलेला चेंडू हवेत हळू जायचा. आजचा चेंडू भिजत नाही, पण सुसाट येतो. अभ्यासात जुन्या आणि तुलनेने नव्या पिढ्यांत धोक्याचा फरक सापडला नाही.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २०२३ मध्ये स्वीडनमध्ये सर्वोच्च विभागातल्या ६,००७ पुरुष खेळाडूंचा असाच अभ्यास झाला. तिथे धोका साडेतीन पट नव्हता, दीड पट निघाला. पार्किन्सन्स तर उलट कमी. पण गोलकीपरमध्ये वाढ नाही, बाकीच्यांत आहे, हा नमुना तिथेही तोच. मला विचाराल तर पटीच्या आकड्यापेक्षा हा नमुना जास्त बोलका आहे.

ह्यातून ह्या क्षेत्रातला विचारच बदलला. आधी सगळे मोजायचे कंकशन, म्हणजे डोक्याला धक्का बसून गरगरलं, शुद्ध हरपली, आठवेनासं झालं, असे प्रसंग. २०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंच्या मेंदूंवरच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की नोंदलेल्या कंकशनच्या संख्येवरून सीटीईचा अंदाज येत नाही; आयुष्यभर डोक्याने एकूण किती झटके, किती जोराचे सोसले, त्यावरून येतो. अॅस्टलचा मुद्दा आठवला? एकेका हेडरने काहीच झालं नव्हतं.

धोरणंही बदलली. अमेरिकेत २०१५ पासून दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडर बंद. इंग्लंड, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून हेडर काढलं. आपल्याकडे ज्यांची मुलं फुटबॉलच्या कोचिंगला जातात त्यांनी कोचना एवढं नक्की विचारावं, की दहा-अकरा वर्षांच्या पोरांकडून हेडरचे ड्रिल करून घेता का. खेळ बंद करायला मी सांगत नाहीये. त्या वयात हेडर शिकला नाही तर काही बिघडत नाही, एवढंच.

आता आपल्याकडे. आपल्यातले बहुतेक जण फुटबॉलपटू नाहीत. आपला प्रश्न एका मोठ्या माराचा आहे. आणि तो येतो दुचाकीवरून. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले मृत सुमारे ५० हजार. हे गेलेल्यांचे आकडे. जे वाचले, महिन्याभराने कामाला लागले, त्यांच्या मेंदूत पुढे काय झालं ह्याची वही कुणी ठेवत नाही.

ती वही डेन्मार्कने ठेवली आहे. तिथे प्रत्येक माणसाची दवाखान्याची नोंद आयुष्यभर जोडलेली असते. २०१८ मध्ये जवळपास २८ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोक्याला मार लागून दवाखान्यात गेलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका २४ टक्के जास्त. गंभीर मार असेल तर ३५ टक्के, एकदाच लागलेला सौम्य असेल तर १७ टक्के. पाच किंवा अधिक वेळा लागला असेल तर मात्र जवळपास तिप्पट.

२४ टक्के ऐकून दचकू नका. समजा एखाद्या वयोगटात शंभरपैकी दहा जणांना स्मृतिभ्रंश होतो. मार लागलेल्या शंभर जणांत तो बारा-तेरा जणांना होईल. उरलेल्या सत्त्याऐंशी जणांना नाही. एका माणसाच्या दृष्टीने वाढ लहान, पण देशभर दुचाकीवरून पडणाऱ्यांची संख्या धरली तर लहान राहत नाही. लॅन्सेट आयोगाने २०२० मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत डोक्याचा मार घातला तो म्हणूनच.

सांगलीच्या एका ताईंची व्हॉइस नोट आली होती, ती इथेच घेतो. त्या म्हणतात, "दादा, माझे बाबा एकाहत्तर वर्षांचे. वीस वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले होते, दोन दिवस शुद्धीवर नव्हते. आता तोच प्रश्न दहादा विचारतात. हे त्या पडण्यामुळे झालं का? तेव्हा मीच त्यांना घाईने पाठवलं होतं, म्हणून विचारते."

ताई, एका माणसाबद्दल असं उत्तर कुणालाच देता येत नाही. अभ्यास सांगतो ते हजारो लोकांच्या गटाबद्दल. बाबांचं वय, रक्तदाब, साखर, कानाला कमी ऐकू येणं, घराण्यातला इतिहास, सगळं त्यात मिसळलेलं असतं. एपीओई नावाच्या जनुकाचा एक प्रकार अंगात असेल तर अल्झायमरचा धोका तसाही वाढतो. तेव्हा घाईने पाठवलं ह्याचा दोष स्वतःवर घेऊ नका, विज्ञान त्याला आधार देत नाही.

पण दुसरा एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बाबा *अलीकडे* कुठे पडले होते का? बाथरूममध्ये, पलंगावरून, दाराला डोकं आपटलं, असं साधंसुद्धा? उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, कवटी आणि मेंदू ह्यांच्यामधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. छोट्याशा धक्क्याने त्यातली एखादी झिरपायला लागते, आणि रक्त हळूहळू, आठवड्यांनी, साठत जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. मग माणूस विसरतो, गोंधळतो, चालताना झोकांड्या जातात, सुस्त होतो. घरच्यांना वाटतं, वय झालं. ह्याला सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये तो दिसतो, आणि कवटीला छोटं छिद्र पाडून रक्त काढलं की बरेच जण पुन्हा पहिल्यासारखे बोलायला लागतात. बिघाड काही आठवड्यांत झपाट्याने वाढला असेल तर हे आधी बघा. बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या, त्यातलीही विसराळू माणसं बरी होतात. कुठे न्यायचं कळत नसेल तर न्यूरोलॉजिस्टकडे.

शिवाय उलटंही होतं, हे लक्षात घ्या. स्मृतिभ्रंशाच्या अगदी सुरुवातीला, कुणाच्या लक्षात येण्याआधी, तोल जातो आणि माणूस पडतो. मग सगळे म्हणतात, पडल्यापासून बाबांचं असं झालं. प्रत्यक्षात आजार आधी, पडणं नंतर. डेन्मार्कच्या अभ्यासात मार लागल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत स्मृतिभ्रंशाचं निदान सगळ्यात जास्त दिसतं, त्यातला काही भाग असा असू शकतो. पण विशीत मार लागलेल्यांतही तीस वर्षांनंतर धोका वाढलेला दिसतो, तो काही असा समजावून टाकता येत नाही.

राहिला प्रश्न हेल्मेटचा. पुणेकरांनो, रागावू नका. हेल्मेटवरचे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे, की दुचाकी अपघातात डोक्याला इजा होण्याचा धोका ते ६९ टक्क्यांनी कमी करतं, मृत्यूचा ४२ टक्क्यांनी. आता खरवसाचा डबा आठवा. डब्याला बाहेरून गादी लावली तर झटका सौम्य होतो, पण पीळ पूर्ण थांबत नाही. म्हणून हेल्मेट असूनही डोकं आपटलं आणि नंतर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी, असं काही दिसलं तर तासाभराचीही वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि पट्टा. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच उडून जातं. डोकं रस्त्यावर आपटेपर्यंत ते तिथे नसतं.

एकदा कंकशन झालेल्या मुलाला त्याच दिवशी परत मैदानात उतरवू नका. "मला बरं वाटतंय" असं तो म्हणणारच. डोकेदुखी, चक्कर पूर्ण थांबेपर्यंत थांबा, आणि मग पायरी पायरीने, डॉक्टरांना विचारून. मेंदू सावरत असताना बसलेला दुसरा धक्का पहिल्यापेक्षा महाग पडतो.

आणि ज्यांना मार लागून गेला आहे, त्यांनी? लागलेला मार परत घेता येत नाही. रक्तदाब, साखर, कानाचं यंत्र, चालणं, लोकांत मिसळणं, हे सगळं स्मृतिभ्रंशाच्या त्याच यादीत आहे आणि ते आपल्या हातात आहे. ऐकू कमी येत असूनही यंत्र लावायला लाजणारे काका-काकू मला तर प्रत्येक घरात दिसतात. पुढचा भाग त्यावरच करतोय. तुमच्या घरात कुणी श्रवणयंत्र घेऊन कपाटात ठेवून दिलं असेल तर ते का, एवढं मला व्हॉइस नोटवर सांगा.